हात धुवून मागे

१

रिना गेली शुक्रवारी, आणि सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत आमच्या रुग्णालयाला गुन्हेगार सापडलासुद्धा होता. एवढ्या वेगानं आमच्याकडे साधा पंखा दुरुस्त होत नाही.

गुन्हेगार माझ्यासमोर लॅबमधल्या स्टुलावर बसली होती. ठमाबाई. बाळंतिणींच्या वॉर्डातली आया, वय छप्पन, नोकरी बावीस वर्षांची. हातात टाइप केलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या अस्वच्छ हातांमुळे रुग्ण रिना हिच्या जखमेत जंतू गेले व त्यातच तिचा मृत्यू झाला, हे मला मान्य आहे.' खाली सहीची जागा कोरी होती.

"सही नाही ना केली?"

"नाई केली. शुक्रवारी अकरा वाजता कमिटी हाय म्हणते. सही केली तर नुसतं कामावरून काढू, नाई केली तर पोलिसात देऊ म्हणते." तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "नोकरी गेली तं जाऊ द्या, फरहतबाई. पण रिनाची माय, बायनाबाई, तिनं मले पाहून तोंड फिरवलं. तिले सगळ्यांनी सांगून ठेवलं का मीच मारलं म्हणून. खरं सांगा जी. मीच मारलं का त्या पोरीले?"

माझं डोकंच फिरलं. सगळं रुग्णालय हात धुवून या बाईच्या मागे लागलं होतं, आणि पुरावा म्हणून जो कागद नाचवत होते तो माझ्याच लॅबमधून गेलेला.

रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. वडसा आणि नागभीडच्या मधल्या जंगलपट्ट्यात देणग्यांवर चालणारं साठ खाटांचं रुग्णालय, एवढं पुरे. मी तिथली लॅबवाली बाई. वडशाच्या सायकलवाल्या नूर मोहम्मदची मुलगी. सत्तावीस वर्षं झाली, रोग्याच्या जखमेतले जंतू काचेच्या ताटात वाढवते, त्यांच्यावर औषधांच्या चकत्या ठेवते, कोणत्या औषधानं ते मरतात ते लिहून देते. आणि लिहिलेलं कुणी वाचत नाही.

तीन आठवड्यांत चार बाळंतिणींच्या सिझरच्या टाक्यांत पू झाला होता. तिघींना नागपूरला हलवलं, त्या वाचल्या. चौथी रिना, बावीस वर्षांची. तिच्या रक्तातच जंतू शिरले. आठ दिवसांचं पोरगं मागे ठेवून गेली. मग धावपळ करून वॉर्डातल्या आयांच्या हातांवरून कापूस फिरवून माझ्याकडे पाठवला गेला, आणि ठमाबाईच्या हातावर क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. रिनाच्या रक्तातही क्लेबसिएलाच. झालं, खटला संपला!

"ठमाबाई," मी म्हटलं, "माझ्या अहवालाला दोन पानं होती. यांनी एकच वाचलं."

२

डॉक्टर सुनिल आमचे मुख्य डॉक्टर. चौघींची ऑपरेशनं त्यांनीच केलेली. माणूस वाईट नाही, पण घाईत असतो, आणि घाईतल्या माणसाला सोपं उत्तर फार आवडतं.

"दुसरं पान होतं?" त्यांनी विचारलं.

या अल्ला! मी ते पान त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हे बघा. ठमाबाईच्या हातावरचा जंतू कोणत्याही औषधानं मरतो. अगदी गोळ्यांच्या दुकानात मिळतं त्या साध्या औषधानंसुद्धा. रिनाचा जंतू एक सोडून कशानंच मरत नाही. नाव सारखं म्हणून माणूस एकच का? एका गावात लहानू नावाचे चार जण असतात. एका लहानूनं चोरी केली तर चौघांना धरता का?"

"जंतू बदलतात मॅडम. तिच्या हातावर साधा होता, रिनाच्या अंगात जाऊन बदलला."

"दहा औषधांच्या विरोधात? इतक्या थोड्या दिवसांत?"

"अन् दुसरं," डॉक्टर मागे रेलले, "चौघींपैकी दोघींना क्लेबसिएला निघाला, दोघींना ई. कोलाय. दोन जातीचे जंतू. मंग कारण एक कसं असेल? ई. कोलाय तर ज्याच्या त्याच्या पोटातच असतो. राहिल्या दोन केस. त्या ठमाबाईच्या."

मी लॅबमध्ये परत आले. फ्रीजमधून चौघींची जपून ठेवलेली ताटं काढून ओळीनं मांडली. सत्तावीस वर्षांत मला एक सवय लागली आहे. आधी नाव बघायचं नाही, चकत्या बघायच्या. चकतीभोवती गोल रिकामी जागा दिसली म्हणजे औषधानं जंतू मेले. जागा नसली म्हणजे जंतूंनी औषध पचवलं.

चारही ताटांवर तेच चित्र. त्याच दहा चकत्यांना जंतू दाद देत नव्हते. त्यातली एक चकती क्लोरॅम्फेनिकॉलची होती. हे औषध आमच्याकडे कित्येक वर्षांत कुणाला दिलेलं नाही. कधी न भेटलेल्या औषधाशी लढायला हे दोन जातीचे जंतू वेगवेगळे शिकले, आणि तेही हुबेहूब सारखं? मला पटेना.

तशीच उठले आणि पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते चहा पीत होते.

"तुम्ही मंडईत नाटक बघता ना?" मी म्हटलं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि नाटकं होतात, त्यातलं एकही ते सोडत नाहीत. "गरीब कंपनीकडे राजाचा अंगरखा एकच असतो. पहिल्या अंकात तो एका नटाच्या अंगावर, दुसऱ्या अंकात दुसऱ्याच्या. बरोबर? जंतूंचंही तसंच आहे. औषध पचवायची विद्या त्यांच्या अंगात एका गोल तुकड्यावर असते, प्लाझ्मिड म्हणतात. तुम्ही शिकला आहात, मी तुम्हाला काय सांगू? एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला तो तुकडा सरळ देऊन टाकतो. दहा औषधांची विद्या एका दमात. नट दोन आहेत डॉक्टर, अंगरखा एक आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच घाई थांबलेली दिसली.

"ठीक. मंग दोन नट भेटले कुठं? अशी जागा पाहिजे जिथं दोन्ही जंतू दाटीवाटीनं राहतात, त्यांना खायला भरपूर मिळते, वरून थोडं थोडं औषधही मिळते. ती जागा दाखवा. शुक्रवारी अकरापर्यंत. नाई दाखवली तर ट्रस्टी लोकांना कोणी तरी पाहिजेच आहे."

३

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या सिस्टर म्हणजे नीलाबाई. त्यांच्या वॉर्डात फरशीवर वाढून जेवावं. चादरीला सुरकुती नाही, खिडकीला जाळं नाही. मी कागद-पेन घेऊन आले हे बघूनच त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"माह्या वॉर्डात जंतू? फरहतबाई, दिवाळीपासून मी हात धुवायचा नियम केला. ड्रेसिंगच्या आधी प्रत्येकीनं, बाळंतिणीच्या नातेवाइकानंसुद्धा, या बेसिनवर साबणानं चाळीस सेकंद हात धुवायचे. मी उभी राहून मोजतो."

"आणि केसेस दिवाळीनंतरच झाल्या."

"म्हणून तर सांगून राह्यली ना! एवढा नियम करून बी होते म्हणजे नियम मोडणारी कोणी तरी हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "ठमाबाई या बेसिनवर हातच धूत नाई. तिले बाहेरच्या बोरिंगचंच पाणी पाह्यजे. दिवाळीनंतर मंडईसाठी बहिणीच्या गावाले गेली, नऊ दिवस. परत आली अन् तिसऱ्या दिवशी रिनाले ताप. गावावरून आणलं ना काई तरी! अन् रोज दुपारी पदराखाली कॅन झाकून नेते. काय नेते इचारा तिले. माह्या फिनाइलच्या बाटल्या उगाच संपते का?"

तीन गोष्टी, तिन्ही ठमाबाईच्या विरोधात. मी लिहून घेतल्या. लिहिताना वैताग येत होता, कारण तिन्ही खऱ्या असाव्यात असं वाटत होतं.

"तुमच्या हातांचा नमुना द्या," मी म्हटलं.

"माह्या?" नीलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही वाईट बोलले. पण दिला. त्यांनी नुकतंच हातांवर स्पिरिट चोळलं होतं. मी बोटांवरून, नखांच्या कडांवरून कापूस फिरवला.

"आता थांबा," त्या म्हणाल्या, "मी धुतो कशी ते बी पाहा. नाई तर म्हणसाल नीलाबाईले हात धुता येत नाई." आणि नळ सोडून त्यांनी खरोखरच मोजून चाळीस सेकंद हात धुतले, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. नळ उंच होता, नवा चकचकीत. पाणी जोरात पडत होतं, माझ्या ओढणीवर चार थेंब उडाले. मी वैतागून मागे सरकले.

त्यांनी ओले हात झटकून माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, धुतलेच आहेत तर घ्यावा अजून एक. दुसरा कापूस काढला आणि त्याच बोटांवरून फिरवला. का घेतला म्हणाल तर त्यांचा तोरा बघून.

जंतू वाढायला एक दिवस लागतो, चकत्यांचा निकाल यायला अजून एक. बुधवारी सकाळी ताटं उजेडात धरली.

पहिलं, हात धुण्याआधीचं, कोरं होतं. दुसऱ्यावर रिनाचा जंतू बसलेला होता, त्याच दहा चकत्यांना न जुमानता.

४

हात आधी स्वच्छ आणि धुतल्यावर घाण! मी ती ताटं तीनदा पाहिली. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का तेही तपासलं. नव्हती झाली.

टाकीचं आणि वॉर्डाच्या नळाचं पाणी मी मागच्याच आठवड्यात तपासलं होतं, त्यात काहीही नव्हतं. साबण पातळ होता, बाटलीतला, त्याचा नमुना सोमवारीच घेतलेला. तोही कोरा. मग राहिलं काय? पाणी येतं ती बाजू साफ असेल तर पाणी जातं ती बाजू बघायला हवी.

मी बिरजूला बोलावलं. बिरजू आमचा नळफिटर, साठीचा, निवृत्त होऊन पुन्हा रोजंदारीवर लागलेला. तो हातात पाना घेऊन आला तो कुरकुरतच.

"काऊन खोलाचं? चोक झालं का?"

"चोक नाही झालं. तरी खोला."

"चालू वस्तू खोलाची! भल्ला कारभार हाय बाप्पा."

बेसिनच्या खाली नळीला जो बाक असतो, ज्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, तो त्यानं खोलला. खाली बादली धरली होती. बादलीत पांढरट, बुळबुळीत गोळा पडला, मुठीएवढा. मागोमाग जो वास आला, त्यानं नीलाबाईंनी नाकाला पदर लावला.

बिरजूनं मात्र वाकून वास घेतला. "बाई, हे तं आंबील हाय! आंबलेली पेज!"

खरंच होतं. भाताची पेज. आमच्याकडे बाळंतीण असो की तापकरी, पहिलं अन्न पेजच. प्रत्येक खाटेखाली घरून आणलेला पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, असतो. ती पेज नळीत आंबून बसली होती आणि जंतूंना बारा महिने पंगत वाढलेली होती.

"आणि हा नळ?" मी विचारलं.

"दसऱ्याले कोण्या दानशूरानं देल्ला. मान लांब. धार सीधी जाळीवर पडते, खालचं वर उडते. मी तवाच सांगतलं, हा नळ इथी नोको लावू, छिटे उडते. कोण ऐकते माह्यं?"

मी बेसिनच्या बाजूला पाहिलं. हातभर अंतरावर जाळीची मांडणी. तिच्यावर उकळून आणलेले ड्रेसिंगचे ट्रे आणि कात्र्या सुकत ठेवलेल्या, तोंडं वर करून.

नळीतला गोळा मी बरणीत भरला आणि लॅबकडे पळाले. बुधवारची दुपार झाली होती. ताटाला दोन दिवस लागतात, म्हणजे निकाल शुक्रवारी सकाळी, कमिटीच्या तोंडावर.

५

गुरुवारी मी वॉर्डात फिरून प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारला. उरलेली पेज कुठं टाकता? सगळ्यांनी बेसिनकडे बोट दाखवलं.

मी नीलाबाईंवर उखडले. "हात धुवायच्या बेसिनमध्ये अन्न? तुम्ही बघता काय दिवसभर?"

नीलाबाई पण पेटल्या. "मंग कुठी टाकतीन? कचऱ्याच्या बादलीत अन्न टाकलं तं मुंग्या होते. मागच्या खड्ड्यात टाकाचं नाई. पाटी कोणाची हाय ती? तुमचीच ना? उरलेलं इंजेक्शन बी खड्ड्यात टाकाचं नाई. अर्धी बाटली वापरली का अर्धी उरतेच. मी ते बी नळ सोडून बेसिनमध्येच ओततो. माह्यं काय चुकलं?"

मी मागच्या दाराला गेले. पाटी होती. पत्र्यावर निळ्या रंगात, माझं अक्षर चांगलं म्हणून मलाच लिहायला लावलेली.

'उरलेले अन्न व औषध मागच्या खड्ड्यात टाकू नये.'

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. खड्ड्यातल्या खरकट्यासाठी रानडुकरं यायला लागली आणि डुकरांच्या मागे बिबट. जंगल खात्याचा माणूस येऊन ओरडून गेला. मी त्या दिवशी वैतागलेलीच होते, पंधरा कामं होती. खड्ड्यात टाकू नये, एवढं लिहिलं आणि मोकळी झाले. मग कुठं टाकावं, ते लिहिलंच नाही. तीन वर्षांत मलाही कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांनी दुसरं पान वाचलं नाही म्हणून मी बोंबलत होते, आणि मी स्वतः दुसरी ओळ लिहिलीच नव्हती.

कपाळावर हात मारावासा वाटला. पण तो आधी धुवायला हवा होता, आणि कुठं धुणार?

आता सगळं जुळत होतं, एक सोडून. पाटी तीन वर्षांची, नळ दसऱ्याचा, आणि केसेस दिवाळीनंतरच्या. मधले दिवस कसे सुटले?

ठमाबाई लॅबच्या पायरीवर बसून होती. मी सरळ विचारलं, "कॅनमध्ये काय नेता?"

ती गडबडली. मग खाली बघत म्हणाली, "पेज. बाळंतिणींची उरलेली. माह्या चार बकऱ्या हायेत. अन्न फेकवत नाई जी. सिस्टरनं एकदा पकडलं होतं, इथलं काई घरी नेलं तं काढून टाकीन म्हणे. मंग झाकून नेत होती."

"कधीपासून?"

"तुमची पाटी लागली तवापासून. बाकीच्या ओतते, मी ओतूच देत नाई. समदी कॅनमंदी जमा करतो."

"आणि मंडईला गेलात तेव्हा?"

"तवा कोण नेते? ओतली असन बेसिनमंदी."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. नऊ दिवस. तीन वर्षं ही बाई जंतूंचं अन्न चोरून बकऱ्यांना घालत होती, म्हणून नळी कशीबशी तग धरून होती. ती नऊ दिवस गेली आणि अख्ख्या वॉर्डाची पेज नळीत गेली. वरून नव्या नळाची धार, वरून डॉक्टर सुनिल खबरदारी म्हणून प्रत्येकीला जे भारी औषध देतात त्याच्या उरलेल्या बाटल्या. पातळ औषधानं लेचेपेचे जंतू मेले, जे तगले ते माजले, आणि त्यांनी आपला अंगरखा शेजाऱ्यांना देऊन टाकला. चौघींपैकी तिघींची ऑपरेशनं त्याच नऊ दिवसांतली. रिनाचं सातव्या दिवशी. ताप यायला मधे काही दिवस जातात, म्हणून तो ठमाबाई परत आल्यावर दिसला. तिच्याविरुद्धचा जो सगळ्यात मोठा पुरावा होता, तीच तिच्या निर्दोषपणाची खूण होती.

"हे आधी काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"पेजेचं काय सांगाचं होतं त्याच्यात?" ती म्हणाली. "मले का माहीत."

६

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ताट पाहिलं. नळीतल्या गोळ्यात दोन्ही नट होते, क्लेबसिएला आणि ई. कोलाय, आणि दोघांच्या अंगावर तोच अंगरखा. क्लोरॅम्फेनिकॉलसकट.

कमिटीत तीन ट्रस्टी, डॉक्टर सुनिल, नीलाबाई. मी सात ताटं ओळीनं मांडली. चार बायकांची, एक नीलाबाईंच्या धुतल्या हातांचं, एक नळीचं आणि शेवटचं ठमाबाईचं. "सहा सारखी आहेत," मी म्हटलं, "सातवं बघा. या बाईच्या हातावर जो जंतू होता तो तुमच्या-माझ्याही हातावर निघेल. ती बोरिंगवर हात धूत होती म्हणून ती या वॉर्डात सगळ्यात स्वच्छ हातांची बाई होती."

नीलाबाई ताटांकडे बघत राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावला. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

थोरल्या ट्रस्टींनी घसा साफ केला. "म्हणजे कोणा एकाचा दोष नाही असं दिसतं. परिस्थितीजन्य. असंच लिहू या."

"सोमवारी तर एकाच बाईचा होता," मी म्हटलं. "तेव्हा नाव टाइप करायला अर्धा तास लागला नाही. आता पाटीवाल्या फरहतचं नाव टाका, नळ घेणाऱ्यांचं टाका, औषध वाटणाऱ्या डॉक्टरांचं टाका."

"मॅडम..." डॉक्टर सुनिल म्हणाले. मग थांबले, आणि म्हणाले, "टाका. माझं टाका."

ठमाबाईच्या नावाचा कागद त्यांनीच फाडला. बेसिन त्याच दिवशी बंद झालं. पेजेसाठी झाकणाची बादली आली, आणि ती रोज कुणाच्या बकऱ्यांना जाईल तेही ठरलं.

७

मला वाटलं, सुटले. पण ठमाबाई दारात उभी.

"बायनाबाई आली हाय. नातवाले सुई टोचाले. चला, तिले सांगा. नोकरीचं सोडा, तिले माहीत पाह्यजे का मी नाई मारलं."

बायनाबाई व्हरांड्यात बसली होती, मांडीवर बाळ. ठमाबाईला बघताच तिनं बाळावर पदर ओढला. मी समोर बसले आणि सांगायला लागले. मला सांगायचं तर सगळंच सांगते, ही माझी खोड. नळी, पेज, नवा नळ, उडणारे थेंब. ठमाबाईचे हात कसे स्वच्छ होते, जंतू पेजेवर कसे वाढले. सात ताटांचा पुरावा. बायनाबाई एकेक शब्द ऐकत होती.

माझं संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "पेजेनं झालं म्हणता?"

"हो. बेसिनमध्ये ओतलेल्या पेजेनं."

"मीच तं ओतत होती," बायनाबाई म्हणाली. "रिनाले जात नोहती. गंज भरून उरे. सिस्टरनं सांगतलं तशी नळ सोडून ओते. मंग साबणानं हात धुवे, मंगच तिले हात लावे." तिनं आपले दोन्ही हात बाळाच्या अंगावरून उचलले आणि हवेत तसेच धरून ठेवले. "या हातानं मी तिचं पोट पुसत होती."

सत्तावीस वर्षं मी अहवाल लिहिले, पण ते कुणाच्या हातात पडतील याचा विचार कधी केला नाही. एकीला सोडवायला मी दुसरीला, रिनाच्या आईला, गुंतवून ठेवलं होतं, आणि तेही अगदी पुराव्यासकट.

"तुह्या पेजेनं काऊन होईन वं?" मागून ठमाबाई म्हणाली.

मी वळून पाहिलं.

"तू चार दिवस आली. ते नळी तं आधीच नासली होती. महिनोन्‌महिने मी ओतत होती त्याच्यात. समद्या बाळंतिणींची पेज, रोज, माह्याच हातानं. या बाई मले वाचवाले सांगून राह्यल्या. तुह्यावालं काई नाई त्याच्यात. माह्यं हाय."

बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. खरं का, असं विचारत होती. माझ्या हातात कमिटीचा अहवाल होता, सहीशिक्क्याचा, दोन्ही पानांसकट. पेजेचा एक थेंबही ठमाबाईनं त्या बेसिनमध्ये कधी ओतलेला नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

"हो," मी म्हटलं.

मग बायनाबाईनं तोंड सोडलं. अख्खा व्हरांडा गोळा झाला. तिनं ठमाबाईचं काही म्हणून ठेवलं नाही, तिच्या बकऱ्यांना, तिच्या मेल्या नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही. आणि ओरडता ओरडता ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. तिचे हात आपोआप खाली आले आणि तिनं नातवाला दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरलं.

ठमाबाई खाली मान घालून सगळं ऐकून घेत होती. मला राहवेना. मी पुढे व्हायला लागले तशी तिनं माझी ओढणी धरून मला मागे ओढलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "तिनं पोराले हात लावला."